सोलापूर: जुन्या अँप्लिफायरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, आतून पॉलिश पेपर मारू का?

पॉलिश पेपर अजिबात नको. वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटर, म्हणजे बटणामागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) कार्बनचा पातळ पट्टा असतो. त्यावर सरकणाऱ्या पत्तीखाली मळ साचला की संपर्क तुटत-जुळत राहतो, तीच ही खरखर. पेपरने पट्टाच खरवडला जाईल. सिलेक्टर स्विचलाही (रेडिओ, टेप वगैरे निवडायचं बटण) तेच: तिथे बहुधा चांदीचा मुलामा असतो, तो गेला की खालचं पितळ लवकर काळवंडतं. निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल स्विचला चालतं, पण पॉटमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि बटण कोरडं, खरबरीत फिरू लागतं.

प्लग काढा (काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा सेट असेल तर स्वतः उघडूच नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, शेकडो व्होल्ट उरू शकतात). घराजवळ यंत्रमाग असतील तर आधी कोरड्या ब्रशने सुताचे तंतू झाडा, नाहीतर ते ओले होऊन आतच चिकटतात. मग पॉटच्या पायांजवळच्या फटीतून थोडासाच फवारा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, नीट वाळू द्या.

एवढं करूनही खरखर तशीच राहिली तर कदाचित पट्टा झिजलाय किंवा कपॅसिटरमधून पॉटवर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) गळतोय. मग तो पॉट किंवा कपॅसिटर बदलावा लागतो, क्लीनरचा तिथे उपयोग नाही.