तो 0.01 कुठून आला?

मित्रा,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. जमा आणि नावे, दोन्हीकडची बेरीज छापली की 3.30 दिसते, तरी प्रोग्राम म्हणतो जुळत नाही. मग ‘फरक 0.01 पेक्षा कमी असेल तर जुळलं समजा’ अशी ओळ तू टाकलीस, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, आणि तरी झोप लागली नाही. झोप लागली नाही, म्हणूनच हे पत्र लिहितोय.

तो 0.01 कुठून आला?

1.1 आणि 2.2 मिळवले की 3.3000000000000003 का येतं, हे तू एव्हाना शोधलं असशील. एक-तृतीयांश दशांशात लिहायला गेलं तर संपत नाही, तसा एक-दशांश बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या लेखनात, संपत नाही. 53 बिटांवर, म्हणजे शून्य-एकच्या 53 घरांवर, तो तोडावा लागतो. छापताना तू दोनच घरं दाखवतोस, म्हणून शेपूट दिसत नाही. 1957 पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा होता. अधेली, पावली, आणा, पैसा, सगळं दोनानं भागत गेलेलं. पैशापर्यंतचा तो हिशेब डबलमध्ये, म्हणजे या 53 बिटांच्या अपूर्णांक प्रकारात, तंतोतंत बसला असता. शंभर पैशांचा रुपया बसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

ही साधी गोष्ट मला पंचवीस वर्षांपूर्वी माहीत नव्हती. एका पतसंस्थेचा प्रोग्राम मी लिहिला आणि रकमेचा रकाना चार बाइटांचा फ्लोट, म्हणजे डबलचा निम्म्या जागेत बसणारा धाकटा भाऊ, ठेवला. त्यात 1,31,072 रुपयांच्या पुढे शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतर रुपयाचा चौसष्टावा भाग होतं, म्हणजे दीड पैशाहून जास्त. संध्याकाळी दिवस बंद करताना रोज थोडे पैसे इकडेतिकडे व्हायचे. मी काय केलं? एक रुपयापर्यंतचा फरक चालेल, अशी ओळ टाकली. तुझ्यासारखीच.

त्याच प्रोग्राममध्ये एका शुल्काचं पूर्णांकीकरण, म्हणजे तुकडे काढून गोल आकडा करणं, जमेकडे एक आणि नावेकडे दुसरं होत होतं. रोज ऐंशी पैसे. ही खरी चूक होती, आणि माझ्या त्या रुपयाच्या पांघरुणाखाली ती तीनशे दिवस झोपली. मार्चअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, दोनशे चाळीस रुपयांनी जुळेना. कॅशियर बाईंनी तीन रात्री व्हाउचरं उलटी-सुलटी तपासली, आणि शेवटी, संशय नको म्हणून, पर्समधून पैसे काढून भरले. दोष प्रोग्रामचा होता हे मला जूनमध्ये कळलं. मी चूक गुपचूप दुरुस्त केली. बाईंना सांगितलं नाही. त्या आता नाहीत.

तू म्हणशील, तेव्हा मुदत होती. होतीच! संचालक रोज फोन करायचे, मेमरी तुटपुंजी होती, एकेक बाइट वाचवणं हेच तेव्हाचं कसब होतं. मी आळस केला नव्हता, हे मी आजही ठासून सांगेन. पण पैशांचा पूर्णांकसुद्धा त्याच चार बाइटांत दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंत मावला असता. त्यामुळे मेमरीचं कारण टिकत नाही. मी स्वतःला विचारलं नाही, तो एक रुपया कुठून आला?

सेन्सरचं तापमान, वाऱ्याचा वेग, अशा मोजलेल्या गोष्टींना सहनमर्यादा लागतेच. पण तिथेही ती कमवावी लागते. नोंदींची संख्या, गुणिले बेरीज, गुणिले दोनाचा उणे 53 वा घात: एक लाख नोंदी आणि शंभर कोटींची बेरीज असेल तर वाईटात वाईट चूक पैशाहून किंचित जास्त निघते. म्हणजे तुझा 0.01 तिथे पुरेलच याची खात्री नाही, आणि दहा नोंदींच्या बिलात तो अफाट मोठा आहे. शिवाय बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. 0.1, 0.2, 0.3 डावीकडून मिळव, 0.6000000000000001 येईल, उजवीकडून मिळव, 0.6 येईल. तीच क्वेरी, डेटाबेसला विचारलेला तोच प्रश्न, दोनदा चालवून दोन उत्तरं आली म्हणून तू डेटाबेसला दोष देत होतास ना? थांबव ते.

पैसे मोजायचे असतात, मापायचे नसतात. रकाना पूर्णांक पैशांचा कर. व्याजात पैशाचे तुकडे पडतील, तिथे दशांश प्रकार, म्हणजे आकडा दहाच्या घरांतच ठेवणारा, वापर आणि पूर्णांकीकरण एकाच ठिकाणी, लिहून ठेवलेल्या नियमानं कर. मग तुलना सरळ बरोबरीच्या चिन्हानं होते. ‘एवढ्यासाठी स्कीमा, डेटाबेसचा अख्खा आराखडा, बदलायची?’ असं टीममध्ये कोणी म्हणेल. त्याला विचार, तो 0.01 कुठून आला, आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस.

आज ती ओळ काढ. गेल्या वर्षाचा सगळा डेटा पैशांत बदलून पुन्हा जुळव. ज्या दिवसांची जमा-नावे जुळणार नाही, त्यांची यादी मला पाठव. रविवारी सकाळी मी घरी आहे, व्हाउचरं घेऊन ये. एकेक बघू.