तुम्ही विचारा : कॅसेट, कुलूपबंद डायल आणि पडद्यावरच्या मुंग्या

गेल्या अंकात संपादकांनी जुन्या यंत्रांच्या आठवणी मागवल्या होत्या. पत्रं भरपूर आली. त्यांतली प्रश्नांची पत्रं माझ्याकडे सरकवण्यात आली, कारण माझं आयुष्य रेडिओ, टेप आणि टीव्हीची मागची झाकणं उघडण्यात गेलं. आठवणींचे कढ काढणं मला जमत नाही, पण यंत्राबद्दल कुणी विचारलं की तोंड बंद राहत नाही. तेव्हा थेट प्रश्नांकडे.

प्रश्न : काका, माळा आवरताना कॅसेटचा एक खोका सापडला. वडील आम्हा भावंडांचे आवाज टेप करून ठेवायचे, मध्येच स्वतःही बोलायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ओळखीतल्या एकांकडून टेपरेकॉर्डर मिळालाय, पण कॅसेट लावायचा धीर होत नाही. लहानपणी आमचा टेप कॅसेट खायचा आणि मग पेन्सिल घेऊन बसावं लागायचं, तेच डोळ्यांपुढे येतं.

उत्तर : धीर होत नाही ते बरंच आहे. बहुतेक लोक खोका सापडला की हाताला येईल ती कॅसेट आत घालतात, बटण दाबतात आणि मग गुंतलेली फीत पिशवीत घालून माझ्याकडे येतात.

आधी कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून बघा. गुंडाळी सपाट आणि चकचकीत दिसली तर ठीक. कडेला पांढरी पूड दिसली तर ती बहुधा बुरशी. ती कॅसेट मुळीच लावू नका, बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून बाकीच्या कॅसेटना लागते. ती बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या. नंतर कॅसेटची जी कड उघडी असते, जिथे फीत दिसते, तिथे मधोमध फेल्टचा बारीकसा तुकडा आहे का बघा. तो धातूच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला असतो आणि फीत हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की तुकडा गळतो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. टाकाऊ कॅसेटमधला तुकडा काढून तिथे बसवला की काम होतं.

आणखी एक गोष्ट आजच करा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या इवल्या चकत्या असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाका. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. नाहीतर वडिलांच्या आवाजावर तुमचं ‘चालू झालं का रे?’ टेप व्हायचं, आणि खाली होतं ते कायमचं गेलं.

आता टेपरेकॉर्डर. टेप कॅसेट खातो तेव्हा आत काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. आत एक बारीक पोलादी दांडी फिरत असते. तिला रबराचा रोलर टेकतो आणि दोघांच्या चिमटीतून फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने पुढे सरकते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट आणली तेव्हापासून तिचा वेग हाच, म्हणून तर कुणाचीही कॅसेट कुणाच्याही टेपवर वाजते. पुढे आलेली फीत दुसऱ्या चक्राने लगोलग गुंडाळून घ्यायची असते. हे चक्र फिरवणारा रबरी बेल्ट सैल पडला की ते अडखळतं, पण चिमटी काही थांबत नाही. फीत आत साचते, मळक्या रोलरला चिकटते आणि त्यालाच वेढे घालू लागते. म्हणजे लहानपणी आपण शिव्या कॅसेटला घातल्या, पण चूक बहुतेक वेळा बेल्टची आणि रोलरची होती.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या टेपमधला बेल्ट ताणलेला तरी असतो, नाहीतर विरघळून त्याचा काळा चिकटा तरी झालेला असतो. तो बदलून घ्या. हेड आणि पोलादी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा, रोलर पुसून पूर्ण वाळू द्या, आणि आधी एखादी नको असलेली कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघा. पेन्सिल लागेलच. कॅसेटच्या चक्राला आतून सहा दाते असतात, म्हणून षट्कोनी पेन्सिल त्यात घट्ट बसते. गोल पेन्सिल नुसतीच फिरते. सैल पडलेली फीत ताणून घ्यायला तीच वापरा. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सव्वाशे मीटरहून जास्त फीत असते आणि इतकी वर्षं ती एकाच जागी आवळून बसलेली आहे, तेव्हा वाजवण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मोकळी करा.

आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुसऱ्या खेपेची खात्री नसते.

ऐकताना एक चमत्कारिक गोष्ट होईल, आधीच सांगून ठेवतो. वडील बोलायला लागण्याच्या किंचित आधी, शांत जागेत, तेच शब्द अगदी दबक्या आवाजात ऐकू येण्याचा संभव आहे. एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडंसं उमटतं. कॅसेट जितकी जास्त काळ न वाजवता पडून राहते, तितकं ते ठळक होत जातं. एक बाई असा आवाज ऐकून माझ्यासमोर रडल्या होत्या. मी त्यांना हेच शास्त्र समजावलं, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजोबा म्हणतात, त्यांच्या लहानपणी रात्री रेडिओवर हजारो किलोमीटर लांबची स्टेशनं लागायची, दिवसा नाही लागायची. इंटरनेट नसताना हे कसं शक्य आहे? आजोबा फेकतात का?

उत्तर : नाही फेकत. आणि यात इंटरनेट कुठून आलं?

पृथ्वीच्या वर, हवा अगदी विरळ होते तिथे, सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित कणांचे थर तयार होतात. त्यातला खालचा थर, साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा, दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून वाकून खाली येतात, शेकडो, कधी हजारो किलोमीटर पलीकडे. असा थर असावा, हे केनेली आणि हेविसाइड या दोन शास्त्रज्ञांनी १९०२ साली स्वतंत्रपणे सुचवलं. तो खरोखर आहे, हे ॲपल्टन यांनी १९२४ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं आणि १९४७ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शॉर्टवेव्हची लांब पल्ल्याची मजलही वरच्या थरांच्याच जोरावर.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही. आधी आतले व्हॉल्व्ह तापायचे, मग काचेमागचा दिवा उजळल्यावर काही वेळाने खालून हळूहळू गुणगुण वर यायची. काचेवर दूरदूरच्या शहरांची नावं छापलेली होती. भूगोलाच्या पुस्तकाआधी ती नावं मी तिथे वाचली. काटा केसभर सरकवायचा, श्वास रोखायचा, खरखरीतून एखादी अनोळखी भाषा वर यायची, मोठी व्हायची, पुन्हा बुडायची. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात, म्हणून ते चढउतार. अमुक वेळेला, अमुक मीटरवर तुमचा कार्यक्रम ऐकला, आवाज असा असा आला, असं कळवलं की काही स्टेशनं पोचपावती म्हणून छापील कार्डं पाठवायची. माझ्याकडे ती कार्डं अजून आहेत. कुणी मागितली तरी देणार नाही.

आजोबांना घेऊन प्रयोग कर. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह असलेला साधा रेडिओ घे, अंधार पडल्यावर मोकळ्या जागी जा. घरात नको. एलईडी दिवे आणि चार्जर इतका गोंगाट करतात की त्यात बारीक स्टेशन सापडत नाही. बरीच स्टेशनं आता बंद झालीत, पण काहीतरी लागेलच.

प्रश्न : जुन्या टीव्हीवर स्टेशन नसलं की मुंग्या यायच्या. आई म्हणायची, डोळे खराब होतील. त्या मुंग्या म्हणजे नक्की काय? आणि टीव्ही बंद केला तरी मधोमध पांढरा ठिपका का राहायचा?

उत्तर : ठिपक्याचं सोपं आहे. बटण बंद केलं तरी पिक्चर ट्यूबच्या आतली तापलेली तार लगेच गार होत नाही आणि ट्यूबमधला विजेचा प्रचंड दाबही लगेच उतरत नाही. इलेक्ट्रॉन येत राहतात, पण त्यांना पडद्यावर इकडेतिकडे फिरवणारी यंत्रणा झोपलेली असते. मग सगळे मधोमधच आपटतात. आम्ही मुलं तो ठिपका पूर्ण विझेपर्यंत हलायचो नाही.

मुंग्या म्हणजे टीव्हीने स्टेशन नसताना पकडलेला आणि स्वतःच्या आत तयार झालेला गोंगाट. त्यातला एक अगदी छोटा हिस्सा मात्र विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेल्या प्रारणाचा असतो. पेन्झियास आणि विल्सन या दोन संशोधकांना १९६४ साली त्यांच्या मोठ्या अँटेनात असाच न जाणारा गोंगाट सापडला. आधी त्यांनी अँटेनात राहणाऱ्या कबुतरांवर संशय घेतला, विष्ठा साफ केली, तरी तो तसाच. १९७८ साली त्याच गोंगाटाबद्दल दोघांना नोबेल मिळालं. आईला सांगा, डोळ्यांचं जाऊ दे, आपण विश्वाची सुरुवात बघत होतो.

प्रश्न : आमच्या फोनच्या डायलला बाबा छोटं कुलूप लावून कामावर जायचे. तरी दादा मित्रांशी तासन्‌तास बोलायचा. आज तो साठीला आलाय, पण गुपित सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : सांगतो, कारण बाबा आता रागावणार नाहीत असं धरून चालतो.

डायल फिरवून सोडली की परत येताना ती लाइनमधला प्रवाह क्षणभर तोडते. एक फिरवला तर एकदा, पाच फिरवला तर पाचदा आणि शून्य फिरवला तर दहादा (एखाददुसऱ्या देशात क्रम निराळा असायचा). सेकंदाला साधारण दहा वेळा, आणि हा वेग बिघडू नये म्हणून डायलच्या आत एक छोटा नियामक बसवलेला. परत येताना जी एकसारखी घरघर ऐकू यायची ती त्याचीच. टेलिफोन एक्स्चेंज फक्त तुटण्याचे ठोके मोजायचं. डायलने तोडलं की बोटाने, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

आता रिसीव्हर ज्यावर ठेवतात तो खटका आठवा. तो दाबला की लाइन तुटते. तुमचा दादा रिसीव्हर कानाला लावून खटक्यावर टकटक करत नंबर लावायचा. चारसाठी चार टकटक, मग किंचित थांबायचं, मग पुढचा आकडा. हात एकसारखा लागतो आणि शून्य बरेच असलेला नंबर सारखा चुकतो. त्यामुळे दादाचे जवळचे मित्र कोण, हे त्यांच्या नंबरांवरून ठरलं असणंही शक्य आहे.

प्रश्न : तो काळ किती सुखाचा होता! आजच्या मुलांना मोबाइलमुळे त्यातलं काहीच मिळत नाही. तुम्हाला नाही वाटत असं?

उत्तर : नाही वाटत. कॅसेटमध्ये मागे सतत सूं आवाज असायचा. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये ३६ फोटो, आणि त्यातले किती हलले, कुणाचं डोकं कापलं गेलं, हे रोल धुऊन आल्यावर कळायचं. तोवर ज्यांचे काढले ते पाहुणे गावी परतलेले असायचे. वाट बघण्याचं आता फार कौतुक होतं. आम्ही वाट बघायचो कारण दुसरा इलाज नव्हता. इलाज सापडताच सगळ्यांनी, मीसुद्धा, धावत जाऊन तो घेतला. नातवाला मी मोबाइलवरून बघतो तेव्हा मला ट्रंक कॉलची आठवण मुळीच येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाला स्क्रू असायचे, आणि कितीतरी रेडिओंच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असायचं की हे कुणीतरी उघडेल, बघेल, सोल्डरचा डाग देईल. दहा-बारा वर्षांचं पोर तुटलेली वायर शोधू शकायचं, कारण ती डोळ्यांना दिसायची. आज हातातली वस्तू गोंदाने बंद केलेली येते. उघडायला गेलं की काच फुटते आणि आत दिसलं तरी बोट ठेवायला जागा नाही. मुलं आळशी झालेली नाहीत. त्यांना झाकण उघडायलाच मिळत नाही. तुमच्या घरी बंद पडलेला ट्रान्झिस्टर असेल तर सेल काढा आणि मुलाला स्क्रूड्रायव्हरसकट देऊन टाका. दुरुस्त झाला नाही तरी चालेल. फक्त जुना टीव्ही देऊ नका, त्याच्या ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा दाब टिकून राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : अल्बममधले जुने रंगीत फोटो लालसर पडलेत आणि आजीचे कृष्णधवल फोटो मात्र ठणठणीत आहेत. असं का? आणि फोटो पानांना चिकटून बसलेत, ते कसे सोडवायचे?

उत्तर : कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात. नीट धुतलेला असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रंगीत फोटो रंगद्रव्यांचा, आणि त्या काळच्या बऱ्याच कागदांत अंधारात ठेवूनही निळसर द्रव्य आधी विरायचं. ते गेलं की उरतो तो लालपणा. चिकट पानांचा अल्बम असेल तर तो आणखी नुकसान करतो, तेव्हा त्यातून फोटो बाहेर काढायलाच हवेत. ओढू नका, ओलं करू नका, हेअर ड्रायरने गरम तर अजिबात नको. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हलके हलवत पुढे न्या. हट्टी फोटो निघत नसेल तर पानासकटच त्याचा फोटो काढून घ्या आणि तिथेच राहू द्या.

त्याआधी घरात निगेटिव्हची पाकिटं शोधा. अल्बमच्या मागच्या खणात किंवा कपाटाच्या तळाशी असतात, आणि आवराआवरीत पहिली तीच फेकली जातात. निगेटिव्ह शाबूत असेल तर ती स्कॅन करून बघा, फोटोत गेलेले रंग तिच्यात पुष्कळदा शिल्लक असतात. पकडताना कडेने पकडा, मधे बोट लावू नका.