जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग पाव फेरा मोकळं फिरतं, स्टिअरिंग बॉक्स बदलावा का?

तुमचा ट्रॅक्टर महिंद्रा २७५, साध्या स्टिअरिंगचा, म्हणजे पॉवर स्टिअरिंग नसलेला. पाव फेरा फिरवेपर्यंत पुढचे टायर वळत नाहीत आणि मेकॅनिक बॉक्स बदला म्हणतोय. बॉक्सवर आत्ताच खर्च करू नका. एवढा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, एकाच जागचा क्वचित असतो. बॉक्स तेलात चालतो. खाली धुळीत आणि चिखलात चालणारे सांधे त्याच्या आधी झिजतात.

आधी प्ले कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद, टायर जमिनीवरच, जॅक नको. एकाने वर बसून स्टिअरिंग मोकळ्या फेऱ्यापेक्षा थोडं जास्त डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून बघायचं. सुरुवात ड्रॉप आर्मपासून, म्हणजे बॉक्समधून बाहेर आलेल्या हातापासून करा. स्टिअरिंग फिरतंय पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर तेवढा प्ले बॉक्समधला. आर्म हलतो पण त्याला जोडलेली दांडी (ड्रॅग लिंक) उशिरा हलते, तर मधला बॉल जॉइंट गेला. टाय रॉड (पुढची चाकं वळवणारी दांडी) हलतो, स्टब एक्सलचा (ज्यावर पुढचं चाक बसतं आणि वळतं तो भाग) वरचा आर्मही हलतो आणि टायर तसाच, तर तो आर्म स्टब एक्सलच्या उभ्या दांड्यावर ढिला आहे. बॉक्सचे बसवणीचे बोल्टही याच वेळी बघा. ते ढिले असले की अख्खा बॉक्स हलतो आणि दोष आतल्या गिअरवर जातो.

मग मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा एक्सल उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. टायर वर-खाली धरून हलवा. हब स्टब एक्सलवर हलत असेल तर बेअरिंगचा नट: टायर फिरवत घट्ट करा, जड लागलं की पिनचं भोक जुळेल एवढाच मागे घ्या. पण स्टब एक्सलच एक्सलच्या टोकात डुलत असेल तर बुश (दांड्याभोवतीच्या धातूच्या नळ्या) गेले, आणि जुन्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं.

बुशचं काम नीट करून घ्या, घाई इथेच नडते. वरच्या आर्मवर आणि दांड्यावर खूण करा, आर्म काढा, स्टब एक्सल खाली उतरतो. दांड्यावर नख अडेल एवढी खाच असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही, वर्षभरात पुन्हा तेच. दांडा वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करण्यापेक्षा नवा स्टब एक्सल घ्या. पुढचा सगळा भार त्याच्यावर असतो. बुश ठोकताना त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या (जिथून ग्रीस भरतात त्या तोटीच्या) भोकासमोर आलंच पाहिजे. भोक चुकलं तर पंप कितीही मारा, ग्रीस आत जात नाही. ठोकल्यावर बुश थोडा आवळतो, म्हणून वरचा-खालचा दोन्ही एका रेषेत रीमर करून (भोक मापात मोठं करून) घ्या. दांडा हाताने फिरावा, पण डुलू नये. वरून येणारा भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग खडखडत असेल तर तेही नवीन.

बॉल जॉइंट दुरुस्त करत बसू नका, बदला. नट ढिला करा आणि आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी एकदम दोन हातोडे मारा, टेपर (जॉइंटचा आत बसलेला निमुळता भाग) सुटतो. आट्यांवर मारू नका. टाय रॉडचं टोक काढताना किती फेरे फिरलं ते मोजून ठेवा. एका टोकाला उलटे आटे असतात. बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच घ्या, मागे कधीच नाही. ड्रॉप आर्म स्प्लाइनवर (दांड्यावरच्या दात्यांवर) ढिला आहे म्हणून त्याला वेल्डिंग मारून देणारे गॅरेजवाले भेटतील. ते करू देऊ नका. वेल्डच्या कडेला तडा गेला तर ऊस भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर तुमच्या हातात राहत नाही.

आता बॉक्स. आधी तेल बघा. कमी असेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल भरा आणि सील गळतंय का पाहा. सेटिंगचा स्क्रू असेल तर टायर उचललेले आणि स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून, लॉक नट सोडून थोडाथोडा आवळा. प्रत्येक वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. गिअर मध्यावर जास्त झिजतो, कारण ट्रॅक्टर बहुतेक सरळच चालतो. म्हणून मध्यावरचा सगळा प्ले काढायला गेलात तर टोकांना जड होतं, अडकतं. तिथे थांबा, एक-दीड इंच मोकळं राहिलं तरी चालतं. एवढ्यावर जमलं नाही तरच बॉक्स उघडा.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढचे टायर समोरून थोडे आत वळलेले असणं. दोन्ही टायरांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचं साधारण ३ ते ६ मि.मी. कमी हवं, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या मध्यावर खडूची खूण करून पुढे मोजा, ट्रॅक्टर अर्धा फेरा ढकलून तीच खूण मागे आली की पुन्हा मोजा, म्हणजे वाकड्या रिमचा फरक येत नाही.

ग्रीस मारताना एक्सल उचलून मारा. भार असला की थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत ग्रीस शिरत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा, आणि चिखलणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी. आठ-दहा तास काम झाल्यावर सगळे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.