हायब्रिडचे जास्तीचे पैसे कधी वसूल होतात?

प्रश्न : मी भुसावळला राहतो आणि नोकरीसाठी रोज गाडीने जळगावला ये-जा करतो. वर्षाला साधारण 15,000 किलोमीटर होतात. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल पेट्रोल आणि स्ट्राँग हायब्रिड गाडीच्या ऑन-रोड किमतीत साडेतीन लाखांचा फरक आहे. गाडी दहा वर्षे ठेवायची आहे. हायब्रिड परवडेल का? बॅटरी खराब झाली तर काय?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपला बहुतेक प्रवास चौपदरी महामार्गावरचा आहे आणि हायब्रिडचा खरा फायदा तिथे कमी होतो. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवायची आणि संथ गतीत इंजिन बंद ठेवून तिच्यावर विजेची मोटर चालवायची, हे या गाडीचे मर्म आहे. जळगावातल्या अजिंठा चौफुली ते आकाशवाणी चौक एवढ्या गर्दीत ते साधते, सलग ऐंशीच्या वेगात फारसे साधत नाही.

आपल्या वापरात पेट्रोल गाडी लिटरला 16 आणि हायब्रिड 21 किलोमीटर देते असे धरले, तर वर्षाला सुमारे 223 लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला 105 रुपये धरून ही बचत 23,400 रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे साडेतीन लाख फिटायला पंधरा वर्षे लागतील. कर्ज काढणार असाल, तर 9 टक्के दराने या जास्तीच्या रकमेचे पहिल्या वर्षाचे व्याजच 30,000 रुपयांच्या घरात जाते. हाच वापर पूर्ण शहरातला असता आणि पेट्रोल गाडी 12 चेच मायलेज देत असती, तर बचत 56,000 रुपयांवर गेली असती आणि गणित सहा-सव्वासहा वर्षांत जुळले असते.

मात्र आपली तुलना थोडी अन्यायाची आहे. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते, त्यामुळे तिच्यासमोर मॅन्युअल नव्हे, ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी ठेवायला हवी. हा फरक दोन लाखांवर आला, तर तो साडेआठ वर्षांत भरून निघतो, अर्थात व्याज वगळून.

बॅटरीची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. टोयोटा आणि मारुती त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, वॉरंटी देतात. आपल्या वापरात 8 वर्षे आधी संपतील. शेवटची दोन वर्षे जोखीम आपली. या गाड्यांत नेहमीचा क्लच नसतो आणि ब्रेक पॅडही कमी झिजतात. इंजिन ऑइल, कूलंट, 12 व्होल्टची साधी बॅटरी व पीयूसी यांचा खर्च मात्र दोन्हीकडे असतोच.

खानदेशातल्या मे महिन्यात एक गोष्ट जपा. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिच्यावर पिशव्या ठेवू नका आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिथली धूळ काढून घ्या. 44-45 अंशांत ही जाळी बुजलेली असेल, तर बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते.

एकूण, साडेतीन लाखांचा फरक कायम असेल तर मी पेट्रोल गाडीच घेईन. त्याआधी ऑटोमॅटिक पेट्रोलचे कोटेशन तेवढे मागवा.