निदान उशिरा झालं. आता सांगायचं कुणाला, आणि आपली माणसं शोधायची कुठे?

पस्तिशी-चाळिशीत ऑटिझमचं निदान झालेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: "नाव कळलं, पण घरात कुणाकुणाला सांगू? आणि माझ्यासारखं कुणी नाशकात आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या मागे माणूस इतका दमतो की दुसऱ्यासाठी त्राण उरत नाही. पुढची हकिकत त्याचीच आहे. ओळख पटू नये म्हणून तिच्यात दोघी-तिघींचे अनुभव एकत्र केले आहेत.

बाई 37 वर्षांच्या. शरणपूर रोडवरच्या एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करतात. माहेर सिन्नरचं, सासर जुन्या नाशकात, तिवंधा चौकाच्या आसपास. त्यांच्या कामात चूक सापडत नसे. पण महिन्याच्या 20 तारखेच्या आत रिटर्न भरायची घाई सुरू झाली, की वाजते फोन, जाता जाता दिलेले तोंडी निरोप आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटची घरघर एकत्र यायची आणि त्या स्वच्छतागृहात जाऊन रडायच्या. बरीच वर्षं चिंता आणि नैराश्याची औषधं चालू होती. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

मोबाइलवर भरलेली चाचणी म्हणजे निदान नव्हे. ऑटिझमची लक्षणं चाचपणाऱ्या 50 प्रश्नांच्या एक्यू प्रश्नावलीत 32 किंवा जास्त गुण आले तर तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. चिंता किंवा अतिचंचलता असली तरी गुण वर जाऊ शकतात. खरी तपासणी बालपणापर्यंत जाते, कारण लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, मग ती दिसली उशिरा तरी चालतं. इथे आईला नुसतं "लहानपणी कशी होती?" विचारलं, तर "शहाणी होती हो, काही त्रास नव्हता" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा लग्नघरात ही कुठे सापडायची, कुठल्या कापडाला नाही म्हणायची, भातुकलीत स्वयंपाक करायची की नुसती भांडी ओळीने मांडायची, असं विचारावं. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, तेही बघून घ्यावं.

निदानानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सविस्तर मजकूर टाकला. दीर म्हणाले, "सगळेच थोडे तसे असतात." सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, आता हे कसलं खूळ?" जाऊबाईंनी त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची शांत करून घ्यायला सुचवलं. आईचा सिन्नरहून रडत फोन आला, "माझंच काही चुकलं का गं?" यात वाईट कुणीच नव्हतं. त्या मजकुरात नेमकी मागणी नव्हती, ही खरी अडचण. समोरच्याने काय करावं हे सांगितलं नाही, की तो एकतर समजूत घालतो, नाहीतर नाकारतो. शिवाय वाचणाऱ्याला आपलं जुनं वागणं आठवतं आणि तो स्वतःचा बचाव करू लागतो.

म्हणून आधी सांगणं थांबवलं. दोन-तीन आठवडे फक्त नोंदवही: काय घडलं, त्यात आवाज, उजेड, गर्दी की अचानक बदललेला बेत, आणि सावरायला किती वेळ लागला. बहुतेकांना गर्दीचाच त्रास असेल असं वाटतं. वहीत मात्र ऐन वेळी बदललेले बेत जास्त निघतात. बाईंचंही तेच झालं.

मग एक माणूस निवडला, नवरा. त्याला निदान समजावत बसायचं नाही, वही दाखवायची. घरातल्या बाकीच्यांशी ऑटिझम हा शब्दच काढायचा नाही. काय होतं, काय हवं आणि किती वेळ, एवढं बोलायचं. रंगपंचमी जवळ आली होती. तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, उघडते त्या दिवशी घराबाहेर काय कल्लोळ असतो ते नाशिककरांना सांगायला नको. बाईंनी सासूबाईंना सांगितलं, "आई, त्या दिवशी आवाजाने माझं डोकं फुटतं. सकाळचा स्वयंपाक करून मी अकरा ते पाच इंदिरानगरला मैत्रिणीकडे थांबते, दिवेलागणीला परत येते." सासूबाई लगेच "जा" म्हणाल्या. निदानाला त्या आजही खूळच म्हणतात. आमच्या मते हेही स्वीकारणंच आहे. घरच्यांनी शब्द मान्य करावा म्हणून झगडण्यापेक्षा सोय मान्य करून घेतलेली बरी.

ऑफिसातही तसंच. मागण्या तीन आणि खर्च जवळजवळ शून्य: निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यावेत, 18 ते 20 तारखेला ग्राहकांचे फोन दुसऱ्याने घ्यावेत, टेबल खिडकीकडे सरकवावं. ट्यूबचा चोक बदलला तेव्हा घरघर थांबली. असंच बऱ्याचदा होतं, आधी वायरमन बोलवावा.

दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रश्न इथेच निघतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो आणि आरक्षणासारख्या सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. पण टक्केवारीसाठी वापरली जाणारी आयसा ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी मुलं डोळ्यांसमोर ठेवून बनली. आपली लक्षणं लपवत जगायला शिकलेल्या प्रौढाचे गुण 70 च्या खाली येऊ शकतात, आणि तेव्हा मोजपट्टीच्या हिशेबी ऑटिझम नाहीच. त्याने निदान खोटं ठरत नाही. खासगी नोकरीत 20 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर समान संधी धोरणात सोयी लिहाव्या लागतात. सहा जणांच्या ऑफिसात मात्र कायद्यापेक्षा मालकाशी नीट बोलणंच कामाला येतं.

आता माणसं शोधण्याचं. हे लाड नाहीत. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांत न समजणं दुतर्फा असतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळीतून गोष्ट पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत जास्त गळाली.

बाई आधी एका पालक-गटाच्या मेळाव्याला गेल्या. तीन तास, माइक, ओळख-परेड आणि चहाला गर्दी. पुढचे दोन दिवस त्या अंथरुणात होत्या. लहान मुलांच्या आयांनी त्यांना घेरून "आमचा बोलेल ना?" विचारलं. त्या आयांचं काही चुकत नव्हतं, पण प्रौढासाठी ती जागा नव्हती. दुसरी पायरी आवडीची. थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघणाऱ्यांबरोबर त्या जाऊ लागल्या. तिथे नजर दुर्बिणीत असते, गप्प बसणं हीच रीत असते आणि बदकांच्या जाती पाठ असल्या तर कुणी हसत नाही. तिथे निदान सांगायची वेळच आली नाही.

तिसरी पायरी, स्वतःचा छोटा गट. सुरुवात तिघांची, सायकॉलॉजिस्टनी दोन्हीकडून विचारून गाठ घालून दिलेली. नियम लिहून ठेवले: ठरलेला वार, पाऊण तासच, संपायची वेळ पक्की. कुठे बसायचं आणि काय करायचं ते दोन दिवस आधी कळवायचं. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. आपापलं विणकाम किंवा वाचन आणलं तरी चालेल, मध्येच उठून गेलं तर कारण विचारायचं नाही. रविवार संध्याकाळचं गंगापूर रोडवरचं कॅफे बाद, आडवारी सकाळची बाग चालते. फोन करायचा नाही, मेसेज करायचा.

ऑनलाइन गटात पहिला महिना नुसतं वाचावं, तेही रात्री उशिरा नको. जुनं आयुष्य उलगडत पहाट होते. स्टेम सेल किंवा डिटॉक्स विकणारा कुणी दिसला तर तो गट सोडावा, ऑटिझम घालवणारं औषध नाही. आणि या काळात जगू नये असं वाटू लागलं, तर गटाची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा किंवा घरच्या कुणाला तरी करायला सांगावा. उशिरा निदान झालेल्यांत असे विचार दुर्मीळ नाहीत.

बाईंचा गट वाढत नऊवर गेला तेव्हा दोघे गप्प गप्प यायचे बंद झाले. नऊ जणांत बोलण्याची पाळी कधी येणार ते कळत नाही, म्हणून. आता चार आणि पाच असे दोन गट आहेत, एक मंगळवारी आणि एक गुरुवारी, आणि ते दोघे मंगळवारी येतात.