जळणासाठी सुबाभूळ लावावी का?

प्रश्न : आमची दोन एकर मुरमाड जमीन पडीक आहे. तेथे जळणासाठी सुबाभूळ लावल्यास प्रत्येक तोडणीनंतर पुन्हा लागवड करावी लागेल का? – एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : पुन्हा लागवड करावी लागत नाही. तीन-चार वर्षांच्या झाडाचे खोड जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पाणी साचू नये म्हणून किंचित तिरके कापले की बुंध्यावर पुष्कळ धुमारे फुटतात; त्यांपैकी जोमदार दोन-तीन राखून बाकीचे शेळ्यांना घालावेत. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत असल्याने हलक्या जमिनीतही हे झाड तग धरते. पाणी साचणारी जमीन मात्र त्याला मानवत नाही. ओले लाकूड लगेच जाळू नये, कारण त्याची बरीचशी उष्णता आतले पाणी उडवण्यातच खर्ची पडते आणि घरभर धूर होतो तो वेगळाच.

मूळच्या मेक्सिकोकडील या झाडाचा महाराष्ट्रात प्रसार उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेने केला. त्या काळचे ‘कल्पवृक्ष’ म्हणून झालेले कौतुक आम्हांला अतिरेकी वाटते, कारण शेंगा तडकून पडलेले बी शेजारच्या बांधावरही उगवते. म्हणून शेंगा वाळण्यापूर्वीच तोडणी करावी.