साड्यांच्या फोटोत खरा रंग यावा म्हणून काय घ्यावं: ग्रे कार्ड, एक्स्पोडिस्क की कलरचेकर?

तुम्ही लिहिलंय की घरून पैठण्या आणि सिल्कच्या साड्या विकता, फोटो पाहून ऑर्डर येते आणि साडी हातात पडली की ‘फोटोत राणी कलर होता, ही तर मरून आहे’ म्हणत परत येते. फोटो कधी डीएसएलआरवर काढता, कधी मोबाईलवर. कापडाचे फोटो काढणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सरळ सांगतो: ग्रे कार्ड, म्हणजे रंगाचा संदर्भ म्हणून फोटोत धरायचं तटस्थ करडं कार्ड, घ्या. बाकीच्या दोन्हींची आत्ता गरज नाही. मात्र कार्डाच्याही आधी ज्या उजेडात फोटो काढता तो उजेड तपासा, कारण निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच होतो.

व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याने लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलना कमी-जास्त गुणून करड्याला करडं दाखवणं. उजेडात जो रंग मुळातच नाही, तो कितीही गुणला तरी फोटोत येणार नाही. एलईडीच्या खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असलेला दिवाही कुंकवाच्या लाल रंगाला मारून टाकू शकतो, आणि तुमची राणी-मरूनची तक्रार बरोबर याच टापूतली आहे. दिवे घ्यायचेच असतील तर सीआरआय ९५ च्या पुढचे आणि आर९ वेगळा छापलेले घ्या. नाहीतर खिडकीचा उजेड फुकट आहे आणि त्यात सगळे रंग आहेत. थेट ऊन नको, उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम.

खिडकीपाशी फोटो काढताना घरातली ट्यूब बंद करा. साडीच्या एका बाजूला आकाशाचा सहा-सात हजार केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूला तीन हजारांचा पिवळा बल्ब असेल, तर दोन्ही बाजू एकाच व्हाइट बॅलन्सने सरळ होत नाहीत. पोपटी किंवा गुलाबी भिंतीवरून परतणारा उजेडही सिल्कवर लगेच दिसतो. भिंतीवर पांढरी चादर टाकली तरी फरक पडतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स अशा फोटोंसाठी भरवशाचा नाही. चौकटभर लाल साडी पसरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लालसर आहे, आणि तो लाल कमी करतो. पुढच्या फोटोत हिरवे काठ जास्त आले की त्याचं मत पुन्हा बदलतं. एकाच साडीच्या चार फोटोंत चार रंग येतात ते यामुळे.

कार्डाऐवजी पांढरा ए४ कागद वापरा असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात अशी द्रव्यं घालतात जी अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. खिडकीपाशी कागद धरलात की तो खरोखरच निळसर होतो, कॅमेरा त्यालाच पांढरं समजतो आणि सगळा फोटो पिवळट करतो. नीळ दिलेलं धोतर किंवा रुमाल, तीच गत. कार्ड हाती येईपर्यंत प्लंबरकडची पांढरी टेफ्लॉन टेप एखाद्या पुठ्ठ्यावर दहा-बारा थर देऊन गुंडाळा. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परतवतं. फक्त ते फार उजळ असतं, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर चॅनेल फुटतात, म्हणजे अति उजेडाने रंगाची माहितीच उडते, आणि मोजमाप चुकतं.

कार्ड विकत घेताना ‘१८ टक्के’ या शब्दांवर जाऊ नका. तो आकडा एक्स्पोजरसाठी आहे. व्हाइट बॅलन्ससाठी कार्ड सगळ्या रंगांना तटस्थ हवं, आणि फिकट करडं असेल तर जास्त बरं, कारण त्यात नॉइज (दाणेदारपणा) कमी येतो. कार्ड साडीवरच ठेवा, साडी ज्या कलाने आहे त्याच कलाने, त्यावर चमक येणार नाही असं. एक फोटो कार्डासकट काढा, मग कार्ड उचलून बाकीचे. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलेत तर नंतर लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग टिपणारा ड्रॉपर कार्डावर टेकवून तेच सेटिंग सगळ्यांना लावता येतं. जेपेगच काढायचं असेल तर कॅननमध्ये कार्डाचा फोटो कस्टम व्हाइट बॅलन्सला निवडा, निकॉनमध्ये प्रीसेट मॅन्युअल वापरा. ढग आला-गेला की कार्डाचा फोटो पुन्हा. मोबाईलवर प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा कुलूपबंद करा आणि शक्य असेल तर रॉ काढा.

ड्रॉपर जरीवर कधीही टेकवू नका. आणि जरीचे काठ सोनेरी दिसावेत म्हणून फोटो पिवळा करण्याचा मोह आवरा. जरीचे काठ छान दिसतात, पण साडीच्या अंगाचा निळा आणि हिरवा मळकट होतो.

एक्स्पोडिस्क हे उजेड एकसारखा पसरवणारं फिल्टर; ते लेन्सवर लावून, साडीच्या जागी उभं राहून, कॅमेरा उजेडाकडे रोखून मोजमाप घ्यायचं असतं. जिथे कार्ड ठेवायला सवड नाही अशा कामाला ते चांगलं. तुमची साडी हलत नाही, म्हणून कार्ड पुरतं. कलरचेकरमध्ये २४ रंगांचे चौकोन असतात आणि त्यावरून तुमच्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनतं. कॅमेऱ्याचा सेन्सर रंग आपल्या डोळ्यासारखे पाहत नाही, त्यामुळे व्हाइट बॅलन्स अचूक असूनही काही जांभळे निळ्याकडे झुकतात. वांगी आणि जांभळा रंग वारंवार परत येऊ लागला तर तेव्हा तो घ्या.

धूपछाव पैठणीचं मात्र वेगळं आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. समोरून हिरवी दिसणारी साडी निरी पडली की लाल मारते. तिथे ‘खरा रंग’ एक नाहीच, म्हणून कोणतंही कार्ड तो देऊ शकत नाही. अशा साडीचे दोन वेगळ्या कोनांतून फोटो टाका, पदर हलवत दहा सेकंदांचा व्हिडिओ द्या आणि दोन्ही धाग्यांचे रंग शब्दांत लिहा. माझ्या मते परतीच्या साड्या कमी करायला हे कुठल्याही महागड्या साधनापेक्षा जास्त उपयोगी आहे.

फोटो तपासताना मोबाईलचा स्क्रीन पिवळट करणारा नाइट मोड आणि स्क्रीनचा ‘व्हिव्हिड’ पर्याय बंद करा, साडी त्याच खिडकीत शेजारी ठेवून बघा आणि फोटो एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगपद्धतीतच एक्स्पोर्ट करा. अडोबी आरजीबीमध्ये राहिला तर काही अॅपवर रंग फिके पडतात.